वाट पाहता पाहता पाठांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागेपर्यंत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, बँकेत टोकन पुकारलं जाईपर्यंत, शाळेच्या फाटकाबाहेर मुलं सुटेपर्यंत आपण रोज थोडं थोडं थांबतो. या वेळात कविता, अभंग, श्लोक, पाढे पाठ करणारी माणसं आहेत, आणि त्यांचं बघून आपणही सुरू करावं असं वाटणारी त्याहून जास्त आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

थांबण्याच्या वेळात पाठांतरच का? पुस्तक वाचलं तर चालणार नाही का?

चालेल की. ज्यांना गर्दीत वाचता येतं त्यांनी जरूर वाचावं. पण थांबण्याचा वेळ सलग मिळत नाही. रांग दोन पावलं सरकते, मागचा माणूस ‘पुढे व्हा’ म्हणतो, फलाट बदलल्याची घोषणा होते, गावाकडचं कोणी भेटतं. कथेचा धागा दर दोन मिनिटांनी तुटला की वाचनात जीव रमत नाही. पाठांतराचं तसं नाही. ओळ जिथे सुटली तिथून पुन्हा धरता येते. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचा हात असला तरी अडत नाही, दिवे गेले तरी अडत नाही.

शिवाय पाच मिनिटं मोबाइलवर बोट फिरवलं, तर संध्याकाळपर्यंत त्यातलं काही आठवत नाही. त्याच पाच मिनिटांत दोन ओळी पाठ झाल्या, तर त्या भाकऱ्या थापताना, जिना चढताना, रात्री झोप येत नसताना आपल्याजवळ असतात. मला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

दोन-तीन मिनिटांत असं काय पाठ होणार?

एक ओळ. फार तर दोन. आणि तेवढंच घ्यावं.

तुकड्यातुकड्याने, दिवस पाडून केलेलं पाठांतर एका बैठकीत घोकलेल्यापेक्षा जास्त टिकतं, हे जुनं निरीक्षण आहे. जर्मनीतले हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळाने किती विसरतात याच्या नोंदी ठेवल्या आणि १८८५ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यात दोन गोष्टी दिसल्या. पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि तीच उजळणी वेगवेगळ्या दिवशी वाटून केली तर एकूण मेहनत कमी लागते. सकाळी स्टँडवर दोन मिनिटं, दुपारी झेरॉक्सच्या दुकानात दोन, संध्याकाळी गिरणीत दळण होईपर्यंत पाच, अशी विभागणी आपलं थांबणं आपसूकच करून देतं. त्यासाठी वेळापत्रक आखावं लागत नाही.

सुरुवात कशाने करावी?

जे अर्धंमुर्धं येतंय ते आधी पुरं करा. शाळेतल्या एखाद्या कवितेच्या दोन ओळी प्रत्येकाला येतात आणि तिसरीला गाडी अडते. ती कविता शोधा. अर्धा रस्ता आधीच झालेला असतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात काहीतरी पूर्ण होतं आणि उमेद येते.

नवीन घ्यायचं तर लहान घ्या. बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींची आहे. पसायदानाच्या नऊ ओव्या आहेत. हरिपाठाचे २७ अभंग आहेत, पण पहिला एकच घ्यायला कोणाची हरकत? गीताईचे ७०० श्लोक बघून छाती दडपते, तेव्हा दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येणारे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे १८ श्लोक घ्यावेत. ज्यांना धार्मिक काही नको असेल त्यांनी संविधानाची उद्देशिका घ्यावी. ‘आम्ही, भारताचे लोक’ पासून शेवटपर्यंत ते एकच वाक्य आहे, आणि ते पाठ असणं मला नागरिकाच्या अंगावरच्या दागिन्यासारखं वाटतं.

मुक्तछंदातली कविता मात्र पहिली घेऊ नका. ती कितीही आवडती असली तरी तिला यमकाचा आणि मात्रांचा आधार नसतो, आणि गोंगाटात तो आधार लागतो.

आणखी एक सांगतो, कवितेशी त्याचा संबंध नाही. घरातल्या दोन माणसांचे मोबाइल नंबर पाठ करा. फोन हरवला किंवा बंद पडला की दुसऱ्याच्या फोनवरून घरी कळवायला नंबर आठवत नाही, अशी अवस्था आज घरोघरी आहे. तिकिटाच्या रांगेत एका दिवसात एक नंबर सहज होतो.

नेमकं कसं करायचं? एक उदाहरण द्याल का?

हरिपाठातला पहिलाच अभंग घेऊ. त्यातलं चित्र आपल्या विषयाचंच आहे, दाराशी क्षणभर उभं राहण्याचं:

देवाचिये द्वारी उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥

अक्षरं मोजा. ‘देवाचिये द्वारी’ सहा, ‘उभा क्षणभरी’ सहा, ‘तेणें मुक्ति चारी’ सहा, ‘साधियेल्या’ चार. सहा-सहा-सहा-चार असा हा अभंगाचा साचा. द्वारी, क्षणभरी, चारी अशी तीन यमकं आणि मग एक लहान तुकडा. आता एका हाताची चार बोटं घ्या आणि दर बोटाला एक तुकडा द्या. तर्जनी दाबून पहिला, मधलं बोट दाबून दुसरा, अनामिकेवर तिसरा, करंगळीवर चौथा. कागद न बघता एकदा म्हणा. अडलात तर कोणत्या बोटावर अडलात ते कळतं. तेवढाच तुकडा कागदावर बघा, कागद खिशात घाला, पुन्हा पहिल्यापासून म्हणा. पुढची ओळही त्याच साच्यात बसते: हरि मुखें म्हणा, हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना, कोण करी. म्हणजे बोटं तीच आणि ठेका तोच, त्यामुळे दुसरी ओळ पहिलीपेक्षा लवकर येते.

मनाच्या श्लोकांना बोटं याहून सुंदर लागू पडतात. ते भुजंगप्रयात या वृत्तात आहेत. शाळेत ‘य य य य’ असं शिकवलेलं आठवत असेल. एका ओळीत बारा अक्षरं, तीन-तीनच्या चार गटांत, आणि दर गटात एक लघु, मग दोन गुरू. आता हाताकडे बघा. अंगठा सोडून चार बोटं, दर बोटाला तीन पेरं, एकूण बारा. ‘गणाधीश जो ईश सर्वा गुणांचा’ ही ओळ अंगठ्याने पेरांवर मोजा: ग-णा-धी तर्जनीवर, श-जो-ई मधल्या बोटावर, श-स-र्वा अनामिकेवर, गु-णां-चा करंगळीवर. दर बोटावर पहिलं पेर हलकं आणि पुढची दोन जड. एखादा शब्द चुकीचा आठवला तर पेर उरतं किंवा अक्षर उरतं, आणि कागद न बघताही चूक हाताला कळते. हात पिशवीच्या बंदात अडकलेला असला तरी अंगठा हलू शकतो.

कागद समोर धरून दहा वेळा वाचलं तर पाठ होत नाही का?

होतं, आणि तासाभरात जातंही. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे पुढे गेले. आपल्याला आठवड्यानंतरचं हवं आहे. म्हणून आधी आठवायचा प्रयत्न, अगदी अडलं तरच कागद. अडण्याचे ते चार क्षण त्रासाचे वाटतात, पण ओळ पक्की त्याच क्षणांत होते.

चिठ्ठी ठेवावी की मोबाइलमध्ये?

चिठ्ठी. स्वतःच्या हाताने लिहिलेली, चार ओळींपेक्षा जास्त नाही. मोबाइल ओळ बघायला उघडला की वर आलेला संदेशही दिसतो आणि ओळ तिथेच राहते. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद बरा, कारण घामाने खिशात मऊ पडत नाही. एसटीच्या तिकिटामागे लिहू नका. मशीनमधून निघणारा तो कागद पातळ असतो, उन्हात आणि खिशात काळवंडतो, शिवाय तपासनीस आला की तेच तिकीट दाखवावं लागतं.

पावसाळ्यात चिठ्ठी पासच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पासमागे ठेवावी.

नादात गाडी चुकली किंवा नंबर गेला तर?

नवीन ओळ धरताना लक्ष आत जातं, ही खरी अडचण आहे. म्हणून नवीन ओळ अशा ठिकाणी घ्या जिथे चुकण्यासारखं काही नाही: बसमध्ये बसल्यावर, गिरणीत, इस्त्रीवाल्याकडे. जिथे पुकारा होतो तिथे आधी येत असलेलंच म्हणा. त्याला कान लागत नाहीत. टोकनचा आकडा दिसणाऱ्या बोर्डासमोर उभे राहा आणि आपल्या आधीचा माणूस कोण ते बघून ठेवा. तो उठला की आपण सावध.

इअरफोन लावून अभंग ऐकत फलाटाच्या कडेला उभं राहू नये. लोकलच्या फलाटावर तर अजिबात नको. आणि गाडी किंवा दुचाकी चालवताना सिग्नलला थांबलेले असाल तर हा प्रकारच नको. तो वेळ रस्त्याचा आहे.

दवाखान्यात थांबलो की मन थाऱ्यावर नसतं. तिथे काय करावं?

तिथे नवीन काही पाठ करायला घेऊ नका. आतमध्ये आपलं माणूस तपासायला गेलेलं असताना मन नवीन ओळ घेत नाही, आणि घेतली नाही म्हणून आणखी चिडचिड होते. जे फार जुनं आहे, लहानपणापासून येतं, तेच म्हणावं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. अशा वेळी उपयोगी पडणारं आधी, बरे दिवस असताना, साठवून ठेवावं लागतं. ज्यांच्याकडे ते असतं त्यांना रात्री तीन वाजता काहीतरी धरायला मिळतं. ते रामरक्षा असेल, बहिणाबाईंच्या ओळी असतील, नाहीतर सतराचा पाढा असेल. काय आहे याने फरक पडत नाही, येतं याने पडतो.

आणि एक. रुग्ण शेजारीच बसलेला असेल, नंबर यायचा असेल, तर पाठांतर बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोला. आईला गुडघ्यासाठी घेऊन गेलात तर रांगेतला तो तास आईचा. तिला ओव्या येत असतील तर तिच्याकडून ऐकाव्यात, जमल्यास लिहून घ्याव्यात. त्याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

माझं वय साठीच्या पुढे आहे. आता लक्षात राहत नाही. जमेल का?

वेळ जास्त लागेल, पण जमेल. तरुणाला दोन दिवसांत येणारं कडवं तुम्हाला आठवडाभर लागेल असं धरून चाला. छंदोबद्ध घ्या, चालीवर घ्या, आणि मोठ्याने म्हणता येईल अशा ठिकाणी निदान दिवसातून एकदा मोठ्याने म्हणा. ज्या चालीवर लहानपणी म्हणत होतात ती चाल अजून जागेवर असते, शब्द तिच्या मागोमाग येतात.

आपल्याकडे पाठांतर ही कधीच फक्त शाळकरी पोरांची गोष्ट नव्हती. पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बाया होत्या. पहाटेच्या दळणात हात कामात आणि तोंड मोकळं, एवढ्यावर एवढी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. आजही वारीत हरिपाठ चालू झाला की सत्तरीतल्या माळकऱ्यांच्या हातात टाळ असतो, पोथी नसते.

मुलांना रांगेत किंवा बसमध्ये कंटाळा येतो. त्यांच्याकडून पाठ करून घ्यावं का?

घ्यावं, पण ‘म्हणून दाखव’ असा धाक नको. मुलांना भेंड्या आवडतात. गाण्यांच्या जागी कवितांच्या भेंड्या लावा. शेवटच्या अक्षरावरून ओळ आली पाहिजे, मग ती बालभारतीच्या पुस्तकातली असो की आजोबांच्या काळातली. हरायला लागलं की मूल घरी जाऊन स्वतःच ओळी शोधतं.

पाढ्यांत साधे पाढे झाले असतील तर अपूर्णांकांचे घ्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ असायचे. ते आज शाळेत कोणी विचारत नाही, पण बाजार अजूनही त्याच भाषेत चालतो. ऐंशी रुपये किलोची भाजी सव्वा किलो घेतली तर किती? शंभर. एकशेवीस रुपये मीटरचं कापड साडेतीन मीटर घेतलं तर? चारशेवीस. बिलाच्या काउंटरवर उभं असताना मशीनच्या आधी उत्तर काढायची शर्यत लावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला याचं वेडच लागतं. पावकीपासून सुरुवात करा, औटकी सगळ्यात शेवटी.

मूल दमलेलं असेल, भुकेलेलं असेल, तर काही नको. त्याला खिडकीतून बघू द्या.

ओठ हलवताना लोक बघतात. अवघडल्यासारखं होतं.

आपल्याकडे माळ ओढणारी, पुटपुटणारी माणसं कोणाला नवी नाहीत. लोकलच्या डब्यात टाळ वाजवून भजन म्हणणारी मंडळं आहेत. तिथे तुमच्या हलत्या ओठांकडे कोण बघतं? तरी संकोच वाटत असेल तर ओठ मिटून म्हणा, फक्त जीभ हलू द्या. नुसतं मनात म्हटलं तर शब्द गाळले जातात आणि आपल्याला कळत नाही. जिभेला ते कळतं.

पहिलं आणि शेवटचं कडवं येतं, मधलं विसरतं. असं का?

कारण आपण दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो आणि मध्येच नंबर लागतो. त्यामुळे पहिल्या कडव्याची उजळणी वीस वेळा होते, तिसऱ्याची दोनदा. उपाय सरळ आहे. एका दिवशी मधूनच सुरुवात करा. आज सगळीकडे फक्त तिसरं कडवं, उद्या चौथं. मग सांधे घट्ट करा. आधीच्या कडव्याचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द अशी जोडीच पाठ करा, कारण अडतं ते बहुतेक सांध्यावर.

मनाच्या श्लोकांत हा त्रास जास्त होतो. २०५ श्लोक, प्रत्येक सुटा, आणि त्यातले कितीतरी ‘मना’ या शब्दानेच सुरू होणारे. एकातून दुसऱ्यात कधी घसरलो ते कळतच नाही. तिथे श्लोकाचा क्रमांकही सोबत पाठ करावा. दुसरा म्हटलं की ‘मना सज्जना’, तिसरा म्हटलं की ‘प्रभाते मनी’. दहाचा एक गट झाला की पुढचा घ्या.

उजळणीचा माझा हिशोब असा: पाठ झालेलं त्याच रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. त्या महिन्यानंतरच्या खेपेला अडखळलात तर पुन्हा पहिल्या पायरीवर आणायचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, दुसऱ्या वेळी ते निम्म्या वेळात बसतं.

अर्थ न कळता पाठ केलं तर ती घोकंपट्टी नाही का?

आहे. म्हणून थांबण्याच्या वेळात फक्त पाठांतर ठेवा आणि अर्थ घरी बसून आधी बघून घ्या. पसायदान सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत आहे. सार्थ ज्ञानेश्वरीतून ते एकदा नीट वाचलं नाही, तर आपण ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचे भलतेच अर्थ धरून चालतो. मात्र सगळा अर्थ कळेपर्यंत पाठच करायचं नाही, असंही धरून बसू नका. काही ओळी पाठ होऊन वर्षं गेल्यावर, भलत्याच ठिकाणी, उमगतात.

म्हणजे मिळालेलं प्रत्येक मिनिट कामाला जुंपायचं का?

मुळीच नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने स्टँडच्या बाकावर डोळे मिटावेत. पहिला पाऊस पडत असेल तर पाऊस बघावा. शेजारच्या बाईंना बोलायचं असेल तर ऐकावं. पाठांतर हा कंटाळ्यावरचा उपाय आहे, विश्रांतीवरचा कर नाही. आठवडाभर चिठ्ठी खिशातच राहिली तरी काही बिघडत नाही.

आषाढीला पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. तासन्‌तास उभे असलेले लोक त्या दर्शनबारीत अभंग म्हणतात, पाय चेपतात, बसल्या बसल्या पेंगतात, ओळख नसलेल्याला शेंगदाणे देतात. त्या रांगेत वेळ वाया गेला असं कोणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

मजकूर कुठून घ्यावा? इंटरनेटवर वेगवेगळे पाठ दिसतात.

दिसतात, आणि फिरत्या संदेशांत तर शब्दच्या शब्द गळलेले असतात. संतवाङ्मयात पाठभेद मुळातच आहेत, त्यामुळे एक छापील प्रत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सार्थ हरिपाठाच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका आळंदी, देहू, पंढरपूरला देवळाबाहेरच्या दुकानांत मिळतात, बऱ्याच स्टँडवरच्या स्टॉलवरही असतात. शाळेतल्या कवितांसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. परदेशात राहणाऱ्यांना ही सोय फार कामाची आहे. संविधानाची उद्देशिका त्याच पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते. चिठ्ठीवर उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ छापल्याप्रमाणेच ठेवा. वेलांटी चुकली की वृत्तातलं पेर चुकतं, आणि चुकीचं एकदा तोंडात बसलं की ते काढायला नवीन पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.